दोन सप्तमांश

नंद्यालमध्ये पहाटे चारला
हॉस्टेलची पाण्याची मोटर सुरू होते, तेव्हा
ओबुळम्मा घन पाठ करत गच्चीवर फिरत असते.
सतरा : चार हजार नऊशे तेरा.
अठरा : पाच हजार आठशे बत्तीस.
एकोणीसला मोटर खोकते,
आणि तीही अडते.

न्हाणीघराच्या दाराला आतून
कुणीतरी अपूर्णांकांचा कागद डकवलाय.
साबणाच्या पाण्यानं त्यातला एक छेद तेरा पुसट झालाय,
म्हणून या मजल्यावरच्या अकराही मुलींना
तेरानं भागणं जड जातं.

पस्तीस प्रश्न, वीस मिनिटं.
एका प्रश्नाला चौतीस सेकंद
आणि वर दोन सप्तमांश.
ते दोन सप्तमांश तिनं आपणहून काढलेत,
कुणी विचारले नव्हते.
"त्यात काय होणार?" मस्तानबी म्हणते.
"पेन खाली पडलं तर उचलता येईल."

अ एक काम बारा दिवसांत करतो, ब पंधरा.
पुस्तकातल्या अ च्या फुप्फुसात
बेतमचेर्लाच्या खाणीतली भुकटी जात नाही,
सहाव्या दिवशी तो कोपऱ्यात बसून धापा टाकत नाही.
ब मात्र मध्येच काम सोडून जातो.
का गेला ते विचारायचं नसतं,
किती दिवसांनी, एवढंच.
तिचे वडील, मद्दिलेटी,
फरशा कापायचे. ते ब होते.

पुल्लय्या सर फळ्यापाशी जाण्याआधी
मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात.
"सोडवता सगळ्यांनाच येतं," ते म्हणतात,
"सोडता कुणाला येतं, हात वर करा."
दोनशे पोरांत एकही हात नाही.

मग वयांची गणितं.
आई मुलीच्या तिप्पट वयाची आहे,
बारा वर्षांनी दुप्पट वयाची होईल.
ओबुळम्मा पेनसुद्धा उचलत नाही :
बारा आणि छत्तीस.

बारा.
त्या वर्षी अम्मा तिच्याकडून सही शिकली होती,
काळ्या फरशीच्या तुकड्यावर, खडूनं.
ईरम्मा. तीनच अक्षरं,
पण मधलं अक्षर सारखं उलटं पडायचं.
महिनाभरानं दोघी बँकेत गेल्या.
काउंटरपलीकडच्या माणसानं सही पाहिली,
पासबुक पाहिलं,
आणि काही न बोलता
शाईचा पॅड पुढे सरकवला.

रात्री ती फोन करते.
"अम्मा, तुझं खरं वय किती गं?"
"आधारवर बघ."
"आधारवर एक जानेवारी आहे. गल्लीत सगळ्यांचीच एक जानेवारी."
"मग असेल एक जानेवारी. जेवलीस का?"

फरक धरून ठेवा, सर सांगतात.
पट बदलत राहते, फरक जागचा हलत नाही.
चोवीस धरला तर आज ती सत्तावीस, अम्मा एक्कावन्न.
अम्मा एकदा तिप्पट होती, मग दुप्पट,
मी अठ्ठेचाळीसची होईन तेव्हा ती बहात्तर, म्हणजे दीडपट,
आणि त्यानंतर
ती वहीचं पान उलटते.

कर्नूलच्या सेंटरवर एसी इतका गार
की बोटं माउसवर आखडतात.
अठ्ठाविसावा प्रश्न टाकीचा :
दोन नळ भरतात, एक रिकामी करतो.
हा तिला येतो. झोपेतही येतो.
तरी एक मिनिट दहा सेकंद लागतील.
ती त्याच्याकडे बघते,
जसं बस सुटताना स्टँडवर राहिलेल्या माणसाकडे बघावं,
आणि पुढे जाते.

बाहेर ऊन. मस्तानबीच्या हातात
कागदातली उग्गानी, वर दोन मिरची भजी.
"किती सोडवलेस?"
"नऊ सोडले," ओबुळम्मा म्हणते,
आणि स्वतःच हसते.

परतीच्या बसमध्ये, खिडकीवर डोकं आपटत असताना,
तिला एकदम आठवतं :
सहा हजार आठशे एकोणसाठ.
कुणी विचारलाच नव्हता.